प्रीकास्ट इमारतीचं वेळापत्रक: उशीर जन्मतो कुठे आणि धरायचा कसा

प्रीकास्टच्या साइटवर नवा प्लॅनिंग इंजिनिअर रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी मिळतात: डोक्यावर हेल्मेट आणि हातात आधीच तीन आठवडे मागे पडलेला बार चार्ट. मलाही तसंच मिळालं होतं. चार्ट ज्यांनी केला ते दुसऱ्या साइटवर निघून गेले होते आणि "हे तेवढं कव्हर करून घे" एवढीच सूचना होती. त्या वेळी कोणी शेजारी बसवून सांगायला हव्या होत्या, त्या गोष्टी इथे क्रमानं लिहितो आहे. भिंती, स्लॅब, जिने यार्डात ओतायचे आणि साइटवर क्रेननं उभे करायचे, अशा घरबांधणीपुरताच हा लेख आहे.

आधी वेगाबद्दल. २०२२ मध्ये सिडकोच्या बामणडोंगरीतल्या प्रकल्पात ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या राहिल्या, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तुमचे साहेबही मीटिंगमध्ये तो दाखला देतील. असा विक्रम ऐकला की एकच प्रश्न विचारायचा: घड्याळ कधी सुरू केलं? पहिलं पॅनल उचललं तेव्हा, की पहिलं ड्रॉइंग हातात आलं तेव्हा? दुसरं उदाहरण चेन्नईचं. केंद्र सरकारच्या लाइटहाउस (नव्या तंत्रानं घरं बांधून दाखवायच्या) प्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत एकदम झाली आणि मुदत १२ महिन्यांची होती. चेन्नईच्या प्रकल्पात प्रीकास्ट पद्धतीची १,१५२ घरं होती. त्यांचं उद्घाटन २६ मे २०२२ ला झालं, म्हणजे जवळपास १७ महिन्यांनी. मधल्या काळात कोविडची दुसरी लाट आली, नोव्हेंबरात चेन्नईचा मुसळधार पाऊस आला. तरीही १,१५२ घरांना १७ महिने हा वेग वाईट म्हणता येणार नाही. पण देशाचं लक्ष लागलेल्या कामातही तारीख सरकते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पहिली पायरी: एका पॅनलची कुंडली मांडा

चार्ट उघडून टक्केवारी बघत बसू नका. पहिल्या मजल्यावरचं एक पॅनल निवडा. शक्यतो बाथरूमला लागून असलेली भिंत घ्या, कारण तिच्यात पाइप, वायर, खिडकी, सगळंच असतं. आता उलटं मोजत जा.

समजा ती भिंत १० नोव्हेंबरला उभी राहायची आहे. ओतल्यापासून ट्रेलरवर चढेपर्यंत ताकद येणं, डागडुजी, तपासणी यात दहा दिवस धरा. पुढच्या दोन मजल्यांचा माल यार्डात तयार असल्याशिवाय क्रेन सुरू करायची नाही, असं ठरवलं असेल तर आणखी दोन आठवडे. म्हणजे ओतणी १७ ऑक्टोबरच्या आसपास. मोल्ड (साचा) यार्डात येऊन बसवणं, पहिला नमुना ओतून मापं तपासणं यासाठी बारा दिवस, म्हणजे मोल्ड ५ ऑक्टोबरला हवा. मोल्ड बनवणारा पाच-सहा आठवडे घेतो. ऑर्डर ऑगस्टच्या शेवटी गेली पाहिजे, आणि मंजूर शॉप ड्रॉइंगशिवाय (घटक ओतण्यासाठीच्या तपशीलवार ड्रॉइंगशिवाय) ऑर्डर जात नाही. शॉप ड्रॉइंग करायला, तपासायला, दुरुस्त करायला एक महिना.

आलो कुठे? जुलैच्या शेवटी. गीझरचा पॉइंट दरवाज्याच्या डावीकडे की उजवीकडे, हे जुलैत ठरायला हवं. साध्या बांधकामात हा निर्णय प्लंबर नोव्हेंबरात भिंतीसमोर उभा राहून घेतो आणि झिरी पाडून मोकळा होतो. इथे ती सोय नाही. आर्किटेक्ट, इलेक्ट्रिकल कन्सल्टंट आणि प्लंबिंगवाले यांना पहिले काही महिने हे पटतच नाही. त्यांना वाटतं अजून पायाच खणतोय, घाई कसली? हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. तोंडी सांगून उपयोग होत नाही, हे मी तीन प्रकल्पांत बघितलं.

क्रेन थांबली की उशीर सगळ्यांना दिसतो. पण तो जन्मलेला असतो दोन-तीन महिने आधी, कुणाच्या तरी न आलेल्या सहीत. त्यामुळे नव्या माणसाचा पहिला महिना साइटपेक्षा ड्रॉइंगच्या रजिस्टरात गेला तर मी त्याला चांगली सुरुवात म्हणेन.

दुसरी पायरी: मोल्ड आणि हूक यांचा हिशेब

साध्या बांधकामात काम मागे पडलं की ठेकेदाराला सांगून पन्नास माणसं वाढवतात. प्रीकास्टमध्ये माणसं वाढवून फार थोडं हाती लागतं, कारण वेग मोल्डच्या संख्येवर आणि क्रेनच्या हूकवर अडलेला असतो.

एक साधं गणित करून बघू. एका मजल्यावर ११० घटक आहेत. यार्डात १८ मोल्ड आहेत आणि प्रत्येकातून दिवसाला एक घटक निघतो. ११० भागिले १८, म्हणजे सहा दिवसांपेक्षा थोडं जास्त. पाच टक्के माल नापास होतो असं धरलं तर साडेसहा. इकडे क्रेन एका घटकाला सरासरी २० मिनिटं घेते: अडकवणं, उचलणं, जागेवर आणणं, प्रॉप (तात्पुरता टेकू) लावून हूक सोडणं. ११० घटकांना २,२०० मिनिटं, म्हणजे साधारण ३७ तास. दिवसाचे आठ तास क्रेन चालते, पण त्यातले दोन तास स्टील, प्रॉप आणि जॉइंटच्या काँक्रीटची बकेट वर पोचवण्यात जातात. राहिले सहा. म्हणजे सहा दिवस. यार्ड आणि क्रेन जवळजवळ जुळले, सात दिवसांना मजला होईल, असं तुम्ही लिहून टाकता.

आणि इथेच फसता. मोल्ड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बाथरूमचा सनकन (खोलगट) स्लॅब मजल्यावर आठ ठिकाणी आहे आणि त्याचा मोल्ड एकच आहे, तर तुमच्या मजल्याला आठ दिवस लागणार, मग बाकीचे सतरा मोल्ड रिकामे बसले तरी. सरासरी काढूच नका. प्रत्येक प्रकारासाठी "मजल्यावर किती, मोल्ड किती" अशी यादी करा आणि ज्याचा भागाकार सगळ्यात मोठा येईल तो प्रकार लाल पेनानं गोल करा. तुमच्या इमारतीचा वेग तोच. आमच्याकडे ही यादी कामाच्या चौथ्या महिन्यात केली गेली. करायला एक दुपार लागली होती.

क्रेनच्या बाबतीत वजनाचंही बघा. ३.२ मीटर रुंद, २.८ मीटर उंच आणि १५० मिलिमीटर जाड भिंत साधारण ३.४ टनांची होते. क्रेनच्या बुंध्याशी हे काहीच नाही. बूमच्या टोकाला मात्र तिची क्षमता खूप कमी होते, आणि इमारतीचा लांबचा कोपरा नेमका तिथेच असतो. सगळ्यात जड पॅनल आणि सगळ्यात लांबचा कोपरा यांची गाठ पडते का, हे क्रेन उभी करण्याआधी तपासायचं असतं. नंतर कळलं तर भाड्याची मोबाइल क्रेन आणावी लागते आणि तिला उभं राहायला जागा नसते.

तिसरी पायरी: यार्डातला साठा

दोन मजल्यांचा माल पुढे असावा, असं मी वर म्हटलं. एका मजल्याचा असेल तर एक पावसाळी दिवस किंवा काँक्रीट लवकर पिकवायला वाफ देणारा बॉयलर बिघडणं क्रेनला उपाशी ठेवतं. पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडीनंही हे होतं. रात्री पारा उतरला की काँक्रीटला ताकद उशिरा येते, सकाळी सातला उघडायचा मोल्ड दहाला उघडतो, आणि त्या दिवसाची ओतणी संध्याकाळवर जाते. आमच्याकडे उभ्या भिंतीला १५ मेगापास्कल ताकद आल्याचं क्यूब टेस्टनं कळल्याशिवाय मोल्ड उघडायचा नाही असा नियम होता. थंडीत तो नियम सगळ्यांना नकोसा वाटायचा.

मग चार-पाच मजल्यांचा साठा का करू नये? जागा लागते, पैसा अडकतो, ही कारणं आहेतच. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मला असं कळलं.

पाठीला पाठ लावलेले दोन फ्लॅट होते, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. एका भिंतीचा नंबर डब्ल्यू-१७, तिच्या जोडीदाराचा डब्ल्यू-१७ एम. पहिल्या मजल्यावर डब्ल्यू-१७ एम क्रेनला लटकत खाली येत होती. सकाळचे अकरा. दोन रिगर तिला दोरीनं वळवत होते, पॅनल जमिनीपासून हातभर वर. सोलापूरकडचा फोरमन मान तिरकी करून बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, बोर्ड पल्याडच्या अंगाला आलाय की." इलेक्ट्रिकल बॉक्स भिंतीच्या चुकीच्या तोंडावर होता. बाहेरची कड, खिडकी, लिफ्टिंग हूक, सगळं आरशातल्यासारखं बरोबर उलटं केलं होतं. बॉक्स आणि कंड्युइट तेवढे मूळ ड्रॉइंगप्रमाणेच राहिले होते, कारण उलट्या फ्लॅटचं इलेक्ट्रिकल ड्रॉइंग यार्डात पोचलंच नव्हतं.

मजल्याला अशा दोन भिंती. साइटवर दोन आल्या होत्या, आणि यार्डात पुढच्या तीन मजल्यांच्या सहा तयार होत्या. आम्हाला आमच्या साठ्याचा फार अभिमान होता. स्ट्रक्चरल कन्सल्टंटनं पहिल्या दोन भिंतींत उथळ झिरी पाडायला परवानगी दिली. सहा पुन्हा ओताव्या लागल्या, एकाच मोल्डमधून, रोज एक. साठा दोनच मजल्यांचा असता तर चारच ओताव्या लागल्या असत्या.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. प्रत्येक प्रकाराचा पहिला नमुना ओतला की त्याच्यासमोर यार्डाचा माणूस, साइटचा माणूस आणि इलेक्ट्रिकल-प्लंबिंगचा माणूस एकत्र उभे राहतात, टेप हातात घेऊन, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय दुसरा नमुना ओतत नाहीत. आणि पहिला मजला पूर्ण उभा राहीपर्यंत साठा दोन मजल्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, यार्ड रिकामं बसलं तरी चालेल. या दुसऱ्या नियमावर यार्डवाल्यांशी भांडण ठरलेलं, कारण त्यांचं बिल ओतलेल्या घनमीटरवर निघतं.

चौथी पायरी: सहा आठवड्यांची यादी आणि सोमवारची मीटिंग

मोठा बार चार्ट मालकासाठी असतो. काम चालतं ते पुढच्या सहा आठवड्यांच्या यादीवर. यादीत मजला नाही, घटक लिहा, आणि प्रत्येकासमोर चार रकाने: ड्रॉइंग मंजूर, मोल्ड तयार, घटकात बसवायचा माल (बॉक्स, स्लीव्ह, प्लेट) यार्डात, माल पास. एक रकाना रिकामा असेल तर तो घटक पुढच्या आठवड्याच्या कामात धरायचा नाही. "होऊन जाईल" हे उत्तर रकान्यात लिहायचं नाही.

दर सोमवारी मागच्या आठवड्यात जे करू म्हणालो त्यातलं किती झालं, हे मोजा. शंभरातली साठ कामं झाली असतील तर साठ लिहा. उरलेल्या चाळीसांसमोर कारण लिहा, एका ओळीत. आठ-दहा आठवड्यांनी ती कारणं एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. आमच्याकडे सगळ्यांचा राग ट्रेलरवाल्यावर होता. यादी वाचल्यावर कळलं की ट्रेलर वेळेवर यायचे, पण साइटवर रिकामे व्हायला तीन-तीन तास थांबायचे, कारण पॅनल ज्या क्रमानं चढवले होते त्याच्या उलट्या क्रमानं आम्हाला हवे होते. यार्डातल्या माणसाला इरेक्शनचा, म्हणजे घटक उभे करण्याचा क्रम कोणी दिलाच नव्हता.

पाचवी पायरी: पंचांग समोर ठेवा

कोकण पट्ट्यात आणि पुण्यातही ३१ मे ही तारीख प्रत्येक बांधकामवाल्याच्या डोक्यात कोरलेली असते. तोवर पाया आणि प्लिंथ झाला पाहिजे. प्रीकास्टमध्ये एकदा जमिनीवर आलात की पावसाळा तितका छळत नाही. हलक्या सरीत पॅनल उभी राहतात. अडतं ते जॉइंटमधलं ग्राउट (फट भरायचा पातळ मसाला), बाहेरचं सीलंट, वॉटरप्रूफिंग, आणि ट्रेलरचा रस्ता. शेवटचं अगदी क्षुल्लक वाटतं. पण यार्डापासून क्रेनपर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर मे महिन्यात मुरूम-खडी टाकून पक्के केले नाहीत तर जुलैत भरलेला ट्रेलर चिखलात रुततो आणि मागचे चार त्याच्या मागे उभे राहतात. चोवीस तास गेले समजा.

वारा हा प्रीकास्टचा खास शत्रू. वर ज्या भिंतीचा हिशेब केला तिचं तोंड जवळपास ९ चौरस मीटरचं आहे. क्रेनला लटकलं की ते शिडासारखं वागतं. क्रेन बनवणाऱ्यानं दिलेली वाऱ्याची मर्यादा असते, आणि मोठ्या पॅनलला त्याच्याही आत थांबावं लागतं. आमच्याकडे ताशी ३५ किलोमीटरला हूक खाली, यावर चर्चा नाही. जून ते सप्टेंबर इरेक्शनचे दिवस महिन्याला पंचवीस धरू नका. अठरा धरले तरी माझ्या मते तुम्ही आशावादी आहात.

माणसांचं पंचांग वेगळं. कोकणातले लोक गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार, त्यात वाद नको. रिगर आणि बारबेंडर बहुतेक वेळा बिहार, झारखंड, बंगालकडचे असतात. त्यांची छठ, होळी, भातलावणी आणि निवडणुका हे चार काळ चार्टात आधीच रंगवून ठेवा. इरेक्शनची एक चांगली टोळी दहा-बारा जणांची असते आणि ती तयार व्हायला दोन मजले जातात. टोळी गावाहून पंधरा दिवस उशिरा आली तर नवी टोळी घेऊ नका, थांबा. नवी टोळी घेऊन मी एकदा हात पोळून घेतले आहेत.

रस्त्याचाही विचार करा. शहरांत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, त्यामुळे ट्रेलर पहाटे आत येतात आणि त्या वेळी गेटवर उतरवून घेणारं कोणीतरी हवं. आडव्या ठेवून न्यायच्या स्लॅबची रुंदी २.६ मीटरच्या आत बसते का, तेही डिझाइनच्या वेळीच बघा. त्याच्या वर गेलात की जादा आकाराच्या मालाची परवानगी काढत बसावं लागतं.

सहावी पायरी: उशीर झाला. आता?

एवढं करूनही होतो. झाला की त्याच दिवशी लिहा. सरकारी कामात यासाठी हिंड्रन्स रजिस्टर असतं. खासगी कामात नसेल तर साधी वही घ्या. नोंद अशी असावी:

"ता. १४ सप्टेंबर. टॉवर क्रेन क्र. २, सकाळी ९.४० ते दुपारी २.१० बंद. कारण वारा, ॲनिमोमीटरवर ४१ किमी. बी विंग, सहावा मजला, घटक ११ ते २३, एकूण १३, राहिले. क्लायंटच्या इंजिनिअरची सही."

"वाऱ्यामुळे काम बंद होतं" अशी ओळ सहा महिन्यांनी कोणी मानणार नाही. कोणते घटक राहिले, हा आकडा महत्त्वाचा. आणि सही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी माणूस सुट्टीवर जातो.

मग बघा, या उशिरानं शेवटची तारीख खरंच हलते का. वर जे लाल गोलातलं काम आहे, त्याला धक्का लागला असेल तर हलते. जिन्याचं रेलिंग चार दिवस उशिरा आलं म्हणून काही होत नाही. नवे इंजिनिअर प्रत्येक उशिराच्या मागे सारख्याच जोरानं धावतात आणि महिन्याभरात दमून जातात.

भरून काढायचे मार्ग थोडे आहेत. यार्डात दुसरी पाळी लावता येते, वाफेचं क्युरिंग वाढवून लहान घटक दिवसातून दोनदा ओतता येतात, पण त्यासाठी मिक्स बदलून आधी चाचणी घ्यावी लागते. म्हणजे त्याचा निर्णय आजच्या उशिरासाठी उपयोगाचा नाही, पुढच्या महिन्याच्या उशिरासाठी आहे. जादा मोल्डचंही तेच. आज ऑर्डर द्याल तर सहा आठवड्यांनी मिळेल. साइटवर रात्री क्रेन चालवण्याची कल्पना कोणीतरी नक्की मांडेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाज करणारी बांधकाम यंत्रं चालवायला मनाई आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. ए विंग अडली की क्रेन आणि टोळी बी विंगकडे वळवणं, जे बी विंगचा पाया तयार असेल तरच जमतं. आणि डिझायनरला विचारून जिन्यासारखे काही घटक साइटवरच शटरिंग लावून ओतणं. दिसायला हे मागे गेल्यासारखं वाटतं, यार्डवाले नाराज होतात, पण मजल्यामागे हूकचा तास-दीड तास सुटतो.

दिवस कापू नयेत अशी एक जागा आहे: जॉइंट. ग्राउटची ताकद येण्याआधी प्रॉप काढायचे, ग्राउट अर्धवट भरून वर सीलंट मारायचं, डॉवेल बार (दोन घटक जोडणारी सळई) स्लीव्हमध्ये बसत नाही म्हणून गॅस कटरनं कापायचा. उशीर झालेल्या साइटवर ही तिन्ही पापं होतात, आणि बहुतेक वेळा रात्री होतात. लंडनमधली रोनन पॉइंट ही मोठ्या पॅनलची २२ मजली इमारत होती. १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला, चार माणसं गेली. १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना जॉइंट उघडले तेव्हा ते नीट भरलेले नसल्याचं दिसलं. डॉवेल बसत नसेल तर काम थांबवा आणि डिझायनरला फोन करा. तुमच्या फोननं गेलेला अर्धा दिवस मी तुमच्या नावावर मांडणार नाही.

प्रॉपवरून आठवलं. प्रॉप ग्राउट पिकेपर्यंत अडकून राहतात, त्यामुळे दोन मजल्यांचे लागतात. दीड मजल्याचे घेतले की क्रेन तयार, पॅनल तयार आणि प्रॉप नाहीत म्हणून सगळे चहा पीत बसलेले, हे दृश्य मी एका फार हुशार व्यवस्थापनाच्या साइटवर पाहिलं आहे. प्रॉपवर वाचवलेले पैसे क्रेनच्या एका आठवड्याच्या भाड्यात गेले.

सातवी पायरी: पत्रव्यवहार

हा भाग कोरडा आहे, पण टाळू नका. करार उघडा आणि मुदतवाढीचं कलम शोधा. उशीर कळल्यापासून किती दिवसांत नोटीस द्यायची, हे तिथे लिहिलेलं असतं. राज्य सरकारच्या बी-१ प्रकारच्या निविदेत ते एका कलमात, केंद्राच्या कामात दुसऱ्या, खासगी करारात आणखी वेगळं. तारीख डायरीत मोठ्या अक्षरात लिहा. मुदत चुकली तर खरा हक्कही हातचा जाऊ शकतो.

भारतीय करार कायद्याची दोन कलमं ओळखीची असावीत. कलम ५५ वेळेवर न झालेल्या कामाबद्दल आहे. समोरच्यानं उशिराचं काम मान्य करताना नुकसानभरपाई मागण्याची नोटीस दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही, असा त्याचा एक भाग आहे. कलम ७४ करारात आधीच ठरवलेल्या दंडाबद्दल आहे: लिहिलेली रक्कम ही कमाल, तिच्या आत जे वाजवी असेल तेवढं. पुढचं वकील बघतील. तुमचं काम वकिलाला तारखा देणं.

दोन उशीर एकाच वेळी चालू असतील, म्हणजे क्लायंटचं ड्रॉइंग आलं नाही आणि तेव्हाच तुमची क्रेनही बिघडली, तर दोन्ही लिहा. फक्त त्यांचा लिहून आपला लपवणारी वही वादात एका प्रश्नात उघडी पडते.

आठवी पायरी: ढाचा उभा राहिला, ताबा कधी?

प्रीकास्टनं वेळ वाचतो तो ढाच्यात. फिनिशिंग, लिफ्ट, पाण्याची जोडणी, फायरची एनओसी, भोगवटा प्रमाणपत्र यांना प्रीकास्टची काही पडलेली नसते. बारा मजले तीन-चार महिन्यांत उभे राहतात आणि मग इमारत वर्षभर रिकामी उभी असते, असं बघितलं असेल. लिफ्टची ऑर्डर मोल्डच्या ऑर्डरबरोबर द्या. बाहेरचे जॉइंट सील झाले की नाही हे पहिल्या पावसाच्या आधी होज पाइपनं पाणी मारून बघा, नाहीतर पुट्टी दोनदा लावावी लागते. आणि खालच्या मजल्यांचं फिनिशिंग वर इरेक्शन चालू असतानाच सुरू करा. त्यासाठी क्रेनच्या खालच्या पट्ट्यात कोणीही नसेल असे रस्ते आणि वेळा आखून द्याव्या लागतात. हे काम सेफ्टी ऑफिसरबरोबर बसून करा, एकट्यानं नाही.

घर घेणाऱ्यांच्या बाजूनं हाच उशीर रेरा कायद्यात येतो. विकासकानं नोंदणीच्या वेळी पूर्ण करण्याची तारीख जाहीर केलेली असते. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा कारणांनी कलम ६ खाली नोंदणीला मुदतवाढ मिळते, आणि बाकी वाजवी कारणांसाठी प्राधिकरण एकूण एक वर्षापर्यंत वाढ देऊ शकतं. दरवर्षीचा पावसाळा या यादीत नाही. ताबा चुकला तर कलम १८ खाली ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो, किंवा घर ठेवून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घेऊ शकतो. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या पायाभूत व्याजदरापेक्षा) दोन टक्के जास्त आहे. एका सदनिकेला हिशेब करून बघा आणि तो आकडा सोमवारच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहा. गीझरच्या पॉइंटची सही त्याच आठवड्यात होते, असा माझा अनुभव आहे.

महारेराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला प्रगती भरावी लागते. ते पान बहुतेक ठिकाणी ऑफिसातलं कोणीतरी भरतं, साइटला न विचारता. फॉर्म जाण्याआधी तो मागून घ्या, आणि त्यातला "झालेल्या कामाचा" आकडा तुमच्या घटकांच्या यादीशी ताडून बघा. जुळत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, आणि प्रत वहीत लावून ठेवा.